चार फूट

सकाळी सव्वाअकराला जमीन हलली, तेव्हा द्राक्षबागेच्या तिसऱ्या ब्लॉकची वाइन माझ्या तोंडात होती. धक्का मोठा नव्हता. टेबलावरच्या तीन ग्लासांपैकी दोन एकमेकांना लागून किणकिणले, भिंतीवरचे कॅलेंडर खिळ्यावर किंचित फिरले, आणि ग्लासातल्या गडद द्रवावर काठाकडून मध्याकडे येणारी वर्तुळे उमटून विरली. सवयीने मी सेकंद मोजले. तीन. चौथ्या सेकंदाला सारे स्थिर झाले होते आणि माझे तोंड रिकामे होते. घोट घशाखाली गेला होता.

स्वयंपाकघरातून मंजुषाने विचारले, “अवो, हाललं का काही?”

“हाललं.”

“मला वाटलं, मलाच चक्कर आली. बाहेर जायचं का मग?”

“आता थांबलं.”

“तुमचं हे असंच. सगळं होऊन गेल्यावर सांगायचं,” ती म्हणाली आणि कुकरची शिटी वाजू लागली.

टेबलाच्या डाव्या बाजूला पितळी तस्त होते. अकरा हंगाम मी प्रत्येक घोट त्या तस्तात थुंकत आलो आहे. नांदेडच्या तंत्रमहाविद्यालयातून निवृत्त होण्याआधीपासून मी महांतेशच्या वाइनरीचा सल्लागार आहे. तो माझा विद्यार्थी. द्राक्षांतली साखर मोजणे, आम्लता काढणे, आंबवणाचे तापमान ठरवणे हे काम उपकरणांचे. पण शेवटी कुणीतरी ती तोंडात घेऊन तिचा स्वभाव लिहावा लागतो, आणि ते काम उपकरण करत नाही. मी लिंगायत, गळ्यात लिंग आहे, दारू वर्ज्य; त्यामुळे मी आधी लातूरच्या आप्पासाहेब स्वामींना विचारायला गेलो होतो. आमच्यातले पुरोहित, जंगम माणूस, वय झालेले, बराच वेळ पान चघळत राहिले आणि म्हणाले, “जीभ चाकर हाय, मास्तर, घसा मालक हाय. चाकराला दारापर्यंत जाऊ द्या. मालकाला न्हाई.” मी तो नियम प्रयोगशाळेतल्या नियमासारखा पाळला. मंजुषा थट्टा करी, “अख्ख्या कॉलनीत एवढ्या बाटल्या कुणाच्या घरी येत न्हाईत, अन् एवढा कोरडा माणूसबी कुणाच्या घरी न्हाई.” आज तीन सेकंदांत अकरा वर्षांचा नियम संपला. आश्चर्य याचे वाटले की पाप केल्याची भावना आली नाही. आली ती निराळीच भावना. छातीत, बरगड्यांच्या मागे, काहीतरी कोमट उतरत होते आणि जाता जाता जागा ओळखत होते.

या वाइनला मी चांगला ओळखतो, निदान तोंडापुरता. नाशिककडची लाल वाइन पाहुण्यासारखी येते, गोड बोलते, लवकर उठते. आमची दारात उभी राहून विचारते, कोण पाहिजे? पहिल्यांदा पिकल्या जांभळाचा वास, त्यामागे जुन्या गोणपाटाचा, मग काळ्या मिऱ्याची बारीक चुणूक, आणि शेवटी जिभेच्या दोन्ही कडा आवळून धरणारी कच्च्या बोराची तुरट पकड, जी पाणी प्याल्यावरही सुटत नाही. या स्वभावाची कारणे मला सांगता येतात. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली अखंड काळा दगड. उन्हाळ्यात बेचाळीस अंश, जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा. जानेवारीत पहाटे दहा अंश. पाणी मोजून. अशा जागी वेल फळ कमी धरतो आणि सालीत सारे साठवतो. साल जाड, मणी लहान, रंग काळपट. ही वाइन गोड असूच शकत नाही. तिला तशी संधीच मिळालेली नसते. हे मी महांतेशला पहिल्या हंगामात समजावले, तेव्हा तो म्हणाला होता, “म्हणजे आपल्या गावच्या माणसासारखीच झाली की, सर.”

पण तिसऱ्या ब्लॉकच्या वाइनमध्ये आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी दरवर्षी लिहीत आलो आहे. शेवटच्या टप्प्यावर, तुरटपणा ओसरल्यानंतर, ओल्या उकरलेल्या मातीचा वास. जमिनीचा वास द्राक्षात उतरत नाही; मुळे क्षार घेतात, वास घेत नाहीत; हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले आहे. तरीही प्रत्येक हंगामाच्या टिपणात तिसऱ्या ब्लॉकपुढे माझ्या अक्षरात ‘माती’ हा शब्द आहे, आणि पहिल्या-दुसऱ्यापुढे नाही. गेल्या दोन हंगामांपासून हा ब्लॉक एकदम सुधारला. खरखर गेली, खोली आली. आज घोट घेण्याआधी, नुसत्या वासावर, मी त्याला वीसपैकी साडेसतरा गुण मांडले होते. इतके मी कधीच कुणाला दिले नाहीत, विद्यार्थ्यांनाही नाही.

ग्लासांच्या पलीकडे महांतेशने धाडलेला फॉर्म होता. परदेशातल्या एका खरेदीदाराला केवळ तिसऱ्या ब्लॉकची वाइन वेगळी भरून हवी होती, बाटलीवर गावाच्या मुलखाचे नाव घालून. नाव किल्लारी. गेली बत्तीस वर्षे या नावाचा देशभर एकच अर्थ आहे. बसमध्ये कुणी विचारले, कुठले, आणि किल्लारीकडचे म्हटले, की समोरचा माणूस आवाज खाली आणतो आणि विचारतो, तुमच्या घरातले कोण? महांतेशला त्या नावाला दुसरा अर्थ मिळवून द्यायचा होता. “लोकांनी नाव वाचून तोंड पाडू नये सर, ग्लास पुढं करावा,” असे तो म्हणत असे. फॉर्मचे अकरा रकाने मी काल भरले. बारावा कोरा होता : ‘या भूखंडाचा गेल्या चाळीस वर्षांतील वापर. सल्लागाराने स्वतःच्या माहितीनुसार लिहून सही करावी.’ महांतेश चार वाजता येणार होता. ‘पडीक, नंतर द्राक्षबाग’ एवढे तीन शब्द पुरेसे होते. खरे लिहिले तर ब्लॉक जाणार, करार जाणार, नावाचा दुसरा अर्थ जाणार. आणि तीन शब्द लिहिले तर गंगम्मा जाणार. ती एकदा गेलेलीच होती. पण एखादे माणूस दोनदा जाऊ शकते, आणि दुसऱ्या वेळी कोण घालवते हे स्पष्ट असते.

गंगम्मा माझी मोठी बहीण, सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे मला तिनेच वाढवले, आणि लग्न होऊन किल्लारीशेजारच्या, महांतेशच्याच गावी गेल्यावरही माझ्या शिक्षणाचा हट्ट तिचाच. मला नांदेडला तंत्रमहाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा उदगीरच्या सोनाराकडून तिने माझ्या लिंगासाठी चांदीची डबी करवून घेतली आणि झाकणावर ‘उ. शं.’ अशी अक्षरे कोरून आणली. मी संकोचलो होतो. लिंगाच्या डबीवर कुणी नाव घालते का? ती म्हणाली, “हॉस्टेलात धा जातीची पोरं असतेत, उमा. उगं कुणाची कुणाला जाईल. तुझं तुला कळलं पाहिजे.” त्याच वर्षी कर्मशाळेत आम्हाला नोंदवही लिहायला शिकवले. चुकलेले वाचन खोडून काळे करायचे नाही, रबराने पुसायचे नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा दिसत राहिला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला आपली आद्याक्षरे घालायची. चूक कुणी केली आणि कुणी दुरुस्त केली, हे दोन्ही कळले पाहिजे. माझी आद्याक्षरे त्या डबीवरची, तीच.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी मी जीपने तिच्या गावात पोचलो. गाव असे म्हणायला काही नव्हते. दगडांचे ढीग होते आणि ढिगांमधून वाट काढणारी माणसे. पाऊस पडत होता. पडक्या माळवदांची लाकडे ओढून रचली जात होती आणि त्यांवर एकाला एक लागून देह. रोगराई पसरेल म्हणून घाई होती, आणि घाई बरोबरच होती. पण वीरण्णा, महांतेशचे वडील, ज्यांना तो आप्पा म्हणतो, त्या चितांसमोर हात आडवे करून उभे होते. “आपल्यात जाळत न्हाईत, साहेब. आपल्यात बसवतेत,” ते वर्दीतल्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगत होते. आमच्यात माणसाला मातीत बसवतात, मांडी घालून, डाव्या तळहातावर त्याचे लिंग ठेवून, विभूती आणि बेलाची पाने घालून. खड्डा मेलेल्याच्या पावलाच्या मापाने आखतात. त्या अधिकाऱ्याने शेवटी वैतागून विचारले, कुणी शिकलेला आहे का तुमच्यात, जागा दाखवा, दोन तासांत उरका. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

जागा मी निवडली. विहिरींपासून लांब, उताराची, माती भुसभुशीत, पाणी न साठणारी. अगदी निर्दोष निवड होती. आज मला कळते की वेलींसाठी जागा निवडतानाही आम्ही हेच निकष लावतो. सात देह होते, त्यांत एक गंगम्माचा. सात वेगळे खड्डे शक्य नव्हते, बसवण्याइतकी खोलीही शक्य नव्हती. एक लांब चर खणला. तरीही मी खिशातली स्टीलची टेप काढून गंगम्माचे पाऊल मोजले. बावीस सेंटिमीटर. त्या मापाचा काही उपयोग नव्हता. मला फक्त एक तरी गोष्ट रीतीने व्हायला हवी होती. तिच्या गळ्यातला दोरा तुटलेला होता, डबी दगडांखाली कुठेतरी. रिकाम्या हाताने तिला मातीत घालवेना. मी माझ्या गळ्यातली डबी काढली आणि तिच्या डाव्या मुठीत ठेवून बोटे मिटवली. माझे लिंग, मला दीक्षेत मिळालेले, जन्मभर अंगावेगळे करायचे नाही असे. कुणी पाहिले नाही असे मला वाटले. नंतर स्वामींकडून दुसरे घेतले, तेव्हा पहिले दगडांत हरवले असे सांगितले. माती लोटून झाल्यावर वीरण्णांनी विचारले, “मास्तर, किती खोल झालं?” मी चर बुजवण्याआधी मोजले होते. “अंगावर चार फूट माती आहे,” मी म्हणालो. वीरण्णांनी तो आकडा हात जोडून घेतला.

पुढे नवे गाव लांब वसले, जुने शिवार तसेच राहिले. अठरा वर्षांनी महांतेशने बाग लावली, त्यानंतर तीन वर्षांनी मला सल्लागार म्हणून बोलावले, आणि पहिल्याच फेरीत तिसऱ्या ब्लॉकच्या बांधावर उभा राहून मी जागा ओळखली. बोलायची वेळ ती होती. पण तिथे वेली उभ्या होत्या, डोळ्यांसमोर पोरगा उत्साहाने तारा आणि ठिबकच्या नळ्या दाखवत होता, आणि मला वाटले, याला माहीत नाही, वीरण्णा विसरले असतील, सांगून काय साधणार. दुसऱ्या वर्षी सांगणे अधिक अवघड झाले, कारण पहिल्या वर्षी का सांगितले नाही याचेही उत्तर द्यावे लागले असते. गप्प बसणेही वर्षागणिक आंबत जाते, आणि मग ते उघडायला कुणी धजत नाही. मग दोन वर्षांपूर्वी पाचही ब्लॉकमध्ये मुळे वरच अडकू लागली, खाली कडक थर बसला होता, आणि उपाय एकच होता : ओळींच्या मधून ट्रॅक्टरने सबसॉयलर चालवायचा, जमीन खोलवर चिरायची. तिसरा ब्लॉक वगळा असे लिहायचे तर कारण द्यावे लागणार. मी एक अख्खी दुपार टेबलाशी बसून हिशेब केला. सबसॉयलरचा दात अडीच फूट जातो. देहांवर चार फूट माती. मध्ये दीड फूट सुरक्षित अंतर. अभियांत्रिकीत एवढे अंतर भरपूर मानतात. मी पाचही ब्लॉक लिहिले आणि सही केली. ती रात्र मी शांत झोपलो, हे मला आठवते, आणि हेच सगळ्यात वाईट आठवते.

दुपारी जेवणे झाली नाहीत. घोटाची ऊब कधीच गेली होती, पण तिची वाट राहिली होती, गळ्यापासून पोटापर्यंत एक ओली रेघ. मंजुषाने दोनदा ताट वाढू का विचारले. तिसऱ्यांदा ती दारात येऊन उभी राहिली, ग्लासांकडे आणि कोरड्या तस्ताकडे पाहिले, आणि आत गेली. साडेतीनला मी बाराव्या रकान्यात पेन टेकवले आणि लिहिले, ‘पडीक’. शाई वाळेपर्यंत पाहत बसलो. नीट, ठळक, उजवीकडे न कलणारे अक्षर. हे अक्षर पाहून तीस वर्षे मुलांनी उतरवून घेतले आहे.

महांतेश चारला पाच मिनिटे असताना आला. चपला दाराशी काढल्या, वाकून पाया पडला, पाणी प्याला. चाळिशीचा माणूस, पण माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतो. “धक्का जाणवला का सर? तिकडं लई आवाज झाला. आप्पा तर अंगणात येऊन बसले, आत यायलाच तयार न्हाईत.” मग त्याची नजर फॉर्मवर गेली. त्याने बारावा रकाना वाचला. चेहरा उजळेल असे मला वाटले होते. तो उजळला नाही.

“पडीक,” तो म्हणाला.

“हो.”

“बरं.” त्याने खिशातून हातरुमालाची पुरचुंडी काढली आणि फॉर्मच्या बाजूला ठेवली. “आप्पांनी दिलंय. म्हणले, सर काय लिहितेत ते आधी बघ, मग दे.”

रुमाल मी सोडला नाही. आकारावरून कळले होते. तरी तोंडाने विचारले, “काय आहे?”

“तुमाला ठावं हाय, सर.” त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरे झाले असते. “त्या मे महिन्यात सबसॉयलर लावला ना, तवाच निघाली. दाताला अडकून वर आली. आप्पांनी अक्षरं बघितली अन् ट्रॅक्टर बंद करायला लावला. तवर तीन ओळी झाल्या होत्या.”

“वीरण्णांना माहीत होतं?”

“तुमी मुठीत ठिवली तवा आप्पा तुमच्या मागंच उभे होते की. तिथं बाग का लावली, सांगू? ज्वारी लावली तर दरसाल नांगर जाणार. वेल एकदा लावला की पंचवीस वर्षं नांगर न्हाई. आप्पा म्हणले, वेलच लाव, खालची माणसं निवांत राहतील.” तो थांबला. “तुमचा कागद आला तवा मी आप्पांना वाचून दाखवला. मला वाटलं, ते नको म्हणतील. आप्पा म्हणले, सरला जागा ठावं हाय, मापबी त्यांचंच हाय. सरनी लिहिलंय म्हंजे विचार करून लिहिलंय. चालव.”

“पण चार फूट…” माझा आवाज मलाच वर्गातल्यासारखा वाटला. “दात अडीच फूटच जातो, महांतेश. दीड फूट अंतर होतं.”

“सर, लावणीच्या आधी सपाटीकरण केलं होतं न्हव का आपण? उताराची वरली माती खरडून खालच्या बांधावर टाकली. दीड फूट. तेव्हाबी आप्पांना भ्या वाटलं होतं, पण म्हणले, सर म्हणले होते चार फूट हाय, तर दीड जाऊ द्या.” मग हळू आवाजात, जणू माझ्यासाठी सबब शोधत, तो म्हणाला, “तुमाला म्हाईत नसंल.”

मला माहीत होते. माझ्या पहिल्याच अहवालाच्या पहिल्या पानावर, जमिनीच्या वर्णनात, तिसऱ्या ओळीत, ते लिहिलेले आहे : ‘लागवडीपूर्वी सपाटीकरण, सरासरी दीड फूट.’ माझ्या अक्षरात. हिशेबाच्या त्या दुपारी मी बाकी सारी पाने काढली होती. पहिले पान काढले नव्हते, कारण वर्णन कुणी हिशेबात धरत नाही.

“अन् बाकी?” मी विचारले.

“आप्पांनी हातानं झाकून घेतलं. स्वामींना बोलावून विभूती टाकली. डबी तेवढी ठिवली. म्हणले, सर विचारतील.” त्याने ग्लासांकडे पाहिले. “दर महिन्याला तुमी येत होता, सर. बांधावरून चालून जात होता. आप्पा ओट्यावरून बघत बसायचे. आज विचारतील, आज विचारतील.”

दोन हंगाम. खरखर गेली, खोली आली. मोकळ्या झालेल्या जमिनीत मुळे उतरली. साडेसतरा गुण.

मी रुमाल सोडला. चांदी काळी पडली होती, झाकणाला दाताची खोल चीर गेली होती, पण अक्षरे शाबूत होती. डबी उघडली. आत माती घट्ट बसली होती आणि मातीत लिंगाचा काळा माथा दिसत होता. सवयीने, अगदी कोणताही विचार न करता, माझा हात नाकाकडे गेला. ग्लास घेतल्यासारखा. मी वास घेतला. कसलाही वास नव्हता. कोरडी, जुनी, कुठलीही माती. अकरा वर्षे मी जे वाइनमध्ये लिहीत आलो, ते वाइनमध्ये नव्हते.

मी फॉर्म पुढे ओढला. ‘पडीक’ या शब्दावर एक आडवी रेघ मारली. खालचा शब्द दिसत होता. त्यावर लिहिले : ‘दफनभूमी. ऑक्टोबर १९९३. सात देह.’ सातही नावे लिहिली, पहिले गंगम्माचे. महांतेश वाकून वाचत होता.

“सर, हे धाडलं तर ब्लॉक जाईल.”

“हाव.” गावाकडचा हा होकार मी चाळीस वर्षांनी उच्चारला असेन.

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाला, “लिवा मग पुरं.”

मी पुढे लिहिले : ‘अंगावर माती चार फूट.’ हा आकडा लिहिताना हात थांबला नाही, इतका तो माझा झाला होता. मग चारवर आडवी रेघ मारली. वर लिहिले, अडीच. दुरुस्ती कुणी केली हे कळले पाहिजे, म्हणून बाजूला, डबीच्या झाकणावर होती तशीच, तेवढ्याच उंचीची दोन अक्षरे घातली आणि चूक कुणाची तेही त्यातच आले.